नाम, ठसा आणि ओळख : औषधी वनस्पतींच्या वर्णलेखनाची एक चिकित्सा

औषधी वनस्पतींच्या रासायनिक पृथक्करणासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रोमॅटोग्राफी या पद्धतीला मराठीत ‘वर्णलेखन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. भाषेच्या अभ्यासकाला ही संज्ञा प्रथमदर्शनी चकविते. कारण त्याच्या शास्त्रात वर्ण म्हणजे ध्वनी आणि वर्णलेखन म्हणजे त्या ध्वनींचे लिप्यंकन होय. रसायनशास्त्रातील वर्ण मात्र रंग या अर्थाचा आहे. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथील व्याख्यानात या पद्धतीचे मूलतत्त्व मांडले आणि १९०६ साली रंग व लेखन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तिचे नाव घडविले. त्याच्या काचनळीत पानांचा अर्क चुन्याच्या भुकटीच्या स्तंभातून खाली उतरताना हिरव्या व पिवळ्या पट्ट्यांत विभागला गेला, म्हणून हे नाव त्या वेळी यथार्थ होते. पुढे रंगहीन द्रव्येही याच रीतीने वेगळी करता येऊ लागली आणि रंग मागे पडून केवळ नाव उरले. वस्तू पालटते आणि नाम टिकून राहते, हा शब्दार्थविचारातील नित्याचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच, परंतु अधिक गंभीर स्वरूपातील, अनुभव होय : वनस्पतीचे नाव, तिचा वर्णलेख आणि ती वनस्पती स्वतः यांचा परस्परसंबंध आपल्या संशोधनपर लेखनात कसा गृहीत धरला जातो, आणि तो तसा धरणे कितपत न्याय्य आहे?

येथे कोणा एका निबंधाचे परीक्षण करावयाचे नाही. परीक्षण करावयाचे आहे ते एका लेखनप्रकाराचे. त्याचा साचा परिचित आहे. आरंभी वनस्पतीचे संस्कृत नाव व तिची प्रादेशिक नावे येतात. मग अर्क कसा काढला याचा वृत्तान्त, नंतर वर्णलेखाचे चित्र आणि अखेरीस ‘यावरून सदर वनस्पतीची ओळख व गुणवत्ता सिद्ध होते’ असा निष्कर्ष. या शेवटच्या वाक्यात चार निरनिराळे प्रश्न एकत्र कोंबलेले असतात. नमुना कोणत्या वनस्पतीचा आहे? त्यात कोणती द्रव्ये आहेत? ती किती प्रमाणात आहेत? आणि त्यांच्या योगाने रोग बरा होतो काय? वर्णलेखन यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते. पहिल्याबाबत ते साक्ष देते, निकाल देत नाही. चौथ्याबाबत ते मौन पाळते. या चार प्रश्नांची सरमिसळ हा या लेखनप्रकाराचा मूळ दोष आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

पद्धतीचे तत्त्व थोडक्यात असे. एक स्थिर माध्यम असते, उदाहरणार्थ काचेच्या पट्टीवर पसरलेला सिलिकेचा पातळ थर. आणि एक गतिमान माध्यम असते, म्हणजे त्या थरातून चढत जाणारे विद्रावकांचे मिश्रण. अर्कातील प्रत्येक संयुगाची या दोन माध्यमांकडील ओढ कमीअधिक असते. ज्याला स्थिर माध्यम धरून ठेवते ते मागे राहते, ज्याला विद्रावक ओढून नेतो ते पुढे जाते. संयुगाने तोडलेले अंतर भागिले विद्रावकाच्या अग्ररेषेने तोडलेले अंतर, हे त्याचे आरएफ मूल्य. त्स्वेतनंतर बराच काळ ही पद्धत उपेक्षित राहिली. १९३१ साली हायडेलबर्ग येथील कून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. मार्टिन व सिंज यांनी १९४१ साली विभाजनावर आधारलेली नवी शाखा सिद्ध केली आणि त्याबद्दल त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या प्रयोगशाळांत पातळ थराचे वर्णलेखन आणि उच्च दाबाखालील द्रव वर्णलेखन, म्हणजे एचपीएलसी, ही दोन्ही नित्याच्या वापरात आहेत.

या वर्णनात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आरएफ मूल्य हा संयुगाचा अंगभूत गुण नव्हे. थर बदलला, विद्रावकाचे प्रमाण बदलले, हवेतील आर्द्रता किंवा पात्रातील बाष्पाची संपृक्तता बदलली, की तेही बदलते. ते मूल्य एका व्यवस्थेच्या आत, इतर ठिपक्यांच्या तुलनेने, अर्थपूर्ण ठरते. भाषाविज्ञानाला हा विचार नवा नाही. मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’ हे दोन शब्द वेगळे आहेत, कारण आपल्या ध्वनिव्यवस्थेत ल आणि ळ यांचा भेद अर्थभेदक आहे. ज्याच्या भाषेत तो भेद नाही, अशा श्रोत्याला दोन्ही ठिकाणी बहुधा एकच ध्वनी ऐकू येतो. त्याच्या कानात दोष नसतो. त्याची व्यवस्था तो भेद नोंदवीत नाही, एवढेच. वर्णलेखाचेही असेच आहे. एका विद्रावकात जो एक ठिपका दिसतो, तो दुसऱ्या विद्रावकात दोन ठिपक्यांत फुटू शकतो. म्हणून ‘एक ठिपका दिसला’ या विधानातून ‘एक द्रव्य आहे’ हा निष्कर्ष आपोआप निघत नाही.

आता ‘ब्राह्मी’ हे उदाहरण घेऊ. या नावाखाली आपल्याकडे दोन वनस्पती वावरतात. एक बॅकोपा मोनिएरी, जिला नीरब्राह्मी असेही म्हणतात : ओलसर जागी पसरणारी, लहान मांसल पानांची. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मराठीतील कारिवणा, संस्कृतातील मंडूकपर्णी : वाटोळ्या, देठाशी खाच असलेल्या पानांची आणि कोथिंबिरीच्या कुळातील. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने ब्राह्मी हे नाव पहिलीला आणि मंडूकपर्णी हे दुसरीला देऊन प्रशासकीय दृष्ट्या वाद मिटविला आहे. बाजार व घरगुती व्यवहार मात्र कोशाच्या आज्ञेने चालत नाहीत. महाराष्ट्रात ब्राह्मीची पाने म्हणून कारिवण्याची पाने सर्रास ओळखली जातात.

वर्णलेखन या दोहोंत निःसंदिग्ध भेद करू शकते. नीरब्राह्मीतील सॅपोनिने डॅमरेन या सांगाड्यावर उभी असतात व ती बॅकोसाइड, बॅकोपासाइड अशा नावांनी ओळखली जातात. कारिवण्यातील एशियाटिकोसाइड व मॅडेकासोसाइड यांचा सांगाडा उर्सेन जातीचा आहे. दोन्ही गटांतील द्रव्ये रंगहीन असल्याने पट्टीवर अ‍ॅनिसाल्डिहाइड व गंधकाम्ल यांचे मिश्रण फवारून ती तापवावी लागते; तेव्हा ठिपके रंग धारण करतात. शेजारी शुद्ध द्रव्यांचे ठिपके घेतले, तर कोणता नमुना कोणाचा हे सांगणे कठीण नाही.

अडचण येते ती यापुढील वाक्यात. अशा तपासणीअंती ‘बाजारातील ब्राह्मी भेसळयुक्त आढळली’ असे लिहिले जाते. भेसळ या शब्दात हेतू गृहीत धरलेला असतो : विकणाऱ्याला खरी वस्तू ठाऊक आहे आणि तो जाणूनबुजून दुसरी देत आहे. ब्राह्मी या नावाची घडण पाहिली तर हे गृहीतक डळमळते. वनस्पतींची नावे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. काही रूपावरून पडतात. मंडूकपर्णी हे पानावरून पडलेले रूपनाम आहे. काही गुणावरून पडतात. ब्राह्मी हे बुद्धी व स्मृती यांना हितकर या अर्थाने वापरले जाणारे गुणनाम आहे. रूपनाम एका आकाराला बांधलेले असते. गुणनाम तसे नसते. तोच गुण ज्या ज्या वनस्पतीत आहे असे मानले जाईल, तिच्याकडे ते सरकू शकते. ‘रास्ना’ या नावाने उत्तरेत प्लुचिया, केरळात अल्पिनिया आणि बंगालमध्ये व्हँडा ही आमरी वापरली जाते. एका नावाचे हे तीन प्रादेशिक संकेत आहेत. शिवाय द्रव्याच्या अभावी समानगुणी प्रतिनिधिद्रव्य घ्यावे, हा विचार आयुर्वेदाला मान्य आहे. तेव्हा प्रादेशिक संकेतभेद, मान्य प्रतिनिधी, अजाणता झालेली गल्लत आणि फसवणूक या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वर्णलेख त्या चारही प्रसंगी सारखाच दिसेल. पट्टीवरील ठिपक्यांत विक्रेत्याचा हेतू उमटत नाही. तो ठरविण्यासाठी नाव कोणत्या प्रदेशात, कोणाच्या तोंडी, कोणत्या वनस्पतीला लावले जाते, याची नोंद हवी. आणि हे काम रसायनशास्त्राचे नसून भाषेच्या क्षेत्रीय अभ्यासाचे आहे.

नामाचा हा प्रश्न वनस्पतीपाशी थांबत नाही. तो संयुगांच्या नावांतही शिरतो. बॅकोसाइड ए हे नाव लखनौ येथील केंद्रीय औषधि संशोधन संस्थेत एकोणीसशे साठच्या दशकात झालेल्या कामातून आले. दीर्घकाळ ते एका संयुगाचे नाव म्हणून वापरले गेले. पुढे अधिक सूक्ष्म पृथक्करण होऊ लागले, तेव्हा ते एक द्रव्य नसून प्रामुख्याने चार सॅपोनिनांचे मिश्रण असल्याचे स्पष्ट झाले. २००५ साली एचपीएलसीने या मिश्रणाचे परिमाण मोजण्याची रीतही प्रसिद्ध झाली. यात जुन्या संशोधकांचा काही प्रमाद नव्हता. त्यांच्या साधनांच्या व्यवस्थेत जो भेद नोंदला जात नव्हता, तो त्यांना दिसला नाही. मात्र आजचा लेखक जेव्हा ‘नमुन्यात बॅकोसाइड ए अमुक टक्के आढळले’ असे लिहितो, तेव्हा त्याने चार घटकांची बेरीज केली आहे की एकाच शिखराचे क्षेत्रफळ मोजले आहे, हे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. ते सांगितले नाही, तर दोन निबंधांतील दोन आकडे एकाच नावाखाली असूनही एकमेकांशी तुलना करण्याच्या योग्यतेचे राहत नाहीत.

या लेखनप्रकारातील सर्वांत लोकप्रिय रूपक म्हणजे ‘अंगुलिमुद्रा’. वनस्पतीचा वर्णलेख म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, असे म्हटले जाते. रूपक आकर्षक आहे, परंतु ते दोन ठिकाणी फसते. बोटाचा ठसा जन्मभर पालटत नाही. वर्णलेख ऋतूप्रमाणे, मातीप्रमाणे, वनस्पतीच्या वयाप्रमाणे, मूळ की पान यानुसार, वाळविण्याच्या व साठविण्याच्या रीतीप्रमाणे आणि अर्क पाण्यात काढला की मद्यार्कात यानुसारही पालटतो. दुसरे असे की, बोटाचा ठसा एका व्यक्तीला इतर सर्वांपासून वेगळे करतो. वर्णलेखाकडून आपण अपेक्षा करतो ती संपूर्ण जातीची ओळख पटविण्याची. म्हणजे ज्या गोष्टीसाठी रूपक योजले, नेमकी तीच त्यात बसत नाही.

रूपकच हवे असेल तर ‘बोली’ हे अधिक समर्पक होईल. मालवणी बोलणाऱ्या दोन व्यक्तींचे बोलणे कधीच तंतोतंत सारखे नसते. वय, गाव, शिक्षण यांनुसार ते बदलते. तरीही ऐकणारा ते मालवणी म्हणून ओळखतो, कारण त्या विविधतेला मर्यादा असतात आणि काही लक्षणे सर्वत्र आढळतात. परंतु या मर्यादा एका भाषकाला ऐकून कळत नाहीत; अनेक गावांतील अनेक भाषकांना ऐकावे लागते. एकाच व्यक्तीच्या बोलण्यावरून बोलीचे व्याकरण लिहिणाऱ्या अभ्यासकाला आपण आज गांभीर्याने घेणार नाही. मग एका ठिकाणाहून, एका हंगामात आणलेल्या एका नमुन्याचा वर्णलेख ‘या जातीचा प्रमाण वर्णलेख’ म्हणून छापणे आपण का स्वीकारावे? रूपकाचा दोष येथे केवळ शैलीचा राहत नाही. ठशाचे रूपक मनात असले की एक नमुना पुरेसा वाटतो. बोलीचे रूपक असले की अनेक नमुन्यांची गरज आपोआप जाणवते. रूपक संशोधनाचा आराखडाच ठरविते.

आता परिमाणाचा प्रश्न. वनस्पतीतील एखादे संयुग खूणद्रव्य म्हणून निवडावयाचे आणि त्याचे प्रमाण ठराविक मर्यादेत असले म्हणजे माल उत्तम, असे मानावयाचे, हा प्रघात आहे. व्यवहारात तो उपयुक्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि चिन्ह आणि चिन्हित यांत गल्लत झाली की काय घडते, हे गिंको या वृक्षाच्या पानांच्या अर्काने दाखवून दिले आहे. त्या अर्कात २४ टक्के फ्लॅव्होनॉल ग्लायकोसाइडे असावीत, असे प्रमाण रूढ आहे. हा आकडा गाठण्यासाठी काही उत्पादनांत रुटिन व क्वेर्सेटिन ही अन्य वनस्पतींपासून स्वस्तात मिळणारी द्रव्ये मिसळलेली आढळली. केवळ बेरीज मोजणारी तपासणी अशा मालाला उत्तीर्ण ठरविते. घटकांचे परस्परप्रमाण पाहणारी तपासणीच त्याला पकडते. साधन एकच, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा.

हा सर्व ऊहापोह शब्दच्छल वाटू नये म्हणून नामभ्रमाची किंमत काय असते, ते पाहिले पाहिजे. चिनी वैद्यकात ‘फांग-जी’ हे पद ज्यांच्या नावात आहे, अशी एकाहून अधिक द्रव्ये आहेत. ‘हान फांग-जी’ म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा, आपल्या गुळवेलीच्या कुळातील वेल. ‘ग्वांग फांग-जी’ म्हणजे अरिस्टोलोकिया फांगची, आपल्याकडील सापसणीच्या प्रजातीतील वनस्पती. बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या एका उपचारात १९९० पासून पहिल्या वनस्पतीचा समावेश करण्यात आला. प्रत्यक्षात रुग्णांच्या पोटात गेली ती दुसरी. १९९३ साली ब्रसेल्स येथील वैद्यांनी तरुण स्त्रियांमध्ये वेगाने मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. अशा रुग्णांची संख्या पुढे सुमारे शंभरावर गेली. १९९४ साली स्टेफानिया म्हणून पुरविलेल्या चूर्णांच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यांत अरिस्टोलोकिक आम्ल आढळल्याचे दिसून आले. त्या रुग्णांपैकी ज्या ३९ जणांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून तपासण्यात आल्या, त्यांतील १८ जणांत कर्करोग आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. अरिस्टोलोकिया असलेल्या वनौषधी कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली दिला. एका नामपदाच्या दोन अर्थांमुळे हे घडले, आणि पृथक्करणाने ते उघडकीस आणले. वर्णलेखनासारख्या पद्धतीचे महत्त्व सांगण्यास याहून मोठे उदाहरण नको. मात्र ती तपासणी रुग्ण आजारी पडल्यावर झाली. माल स्वीकारताना नावावर विश्वास ठेवला गेला होता.

अगदी अलीकडचे उदाहरण घरचेच आहे. मुंबईतील सहा रुग्णांना गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताचा विकार झाल्याचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे रासायनिक पृथक्करण अभ्यासकांनी केले नाही. दिसण्यात तत्सम असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी गल्लत झालेली असू शकेल. पुढे २०२२ साली देशातील अनेक केंद्रांमधून मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चर्चा पुढे सरकली. या वादाचा वैद्यकीय निर्णय देण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला नाही. त्यातील युक्तिवादाची घडण तपासण्याचा मात्र आहे. ‘गुळवेल हे नाव पुरेसे नाही, वस्तूची ओळख पटवा’ हा आक्षेप तत्त्वतः रास्त आहे. परंतु तत्त्व मान्य केले की ते दोन्ही बाजूंना लागू होते. केवळ नावाच्या आधारे अपाय सिद्ध होत नसेल, तर केवळ नावाच्या आधारे उपकारही सिद्ध होत नाही. गुळवेलीचे गुण सांगणाऱ्या प्रत्येक निबंधाकडे आपण तीच मागणी केली पाहिजे : कोणती वेल, कोठून आणलेली, कोणी ओळखलेली, आणि तिचा नमुना आज कोठे ठेवलेला आहे?

या अखेरच्या प्रश्नात उपायाची दिशा आहे. वर्णलेखाला आधार हवा तो वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह जपून ठेवलेल्या नमुन्याचा. मुंबईचे ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय किंवा पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह यांसारखी स्थाने आपल्या निकट आहेत. नमुना जपलेला असेल तर उद्या साधने अधिक सूक्ष्म झाल्यावर, किंवा वनस्पतिशास्त्रीय नाव बदलल्यावरही, आजच्या वर्णलेखाचा अर्थ पुन्हा लावता येतो. नमुना नसेल तर वर्णलेख हा कर्ता हरवलेल्या वाक्यासारखा राहतो. काहीतरी घडले एवढे कळते, कोणाच्या बाबतीत ते कळत नाही.

हा दोष एकट्या रसायनशास्त्राच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बोलींतील वनस्पतिनामांचे आपले संग्रहही ‘ब्राह्मी – एक औषधी वनस्पती’ एवढ्या नोंदीवर समाधान मानतात. सतराव्या शतकात आम्स्टरडॅम येथे छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाने रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी वैद्यांची आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची साक्ष नोंदवून प्रत्येक वनस्पतीचे स्थानिक नाव तिच्या चित्राशी जोडून दिले. नाव सांगणारा कोण आणि नाव कशाचे, या दोहोंची नोंद तेथे आहे. तीन शतकांनंतरच्या आपल्या शब्दसंग्रहांत पुष्कळदा ती आढळत नाही. ज्या नोंदीत भाषकाचे गाव नाही आणि वनस्पतीचा नमुना नाही, ती नोंद प्रयोगशाळेच्या उपयोगी पडत नाही आणि कोशाच्याही नाही.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयावरील निबंध वाचताना वा लिहिताना निष्कर्षाचे वाक्य आधी सोडवून पाहावे. ‘ओळख सिद्ध झाली’ असे असेल, तर किती नमुन्यांशी व कोणत्या आधारनमुन्याशी तुलना केली ते शोधावे. ‘भेसळ आढळली’ असे असेल, तर नावाचा स्थानिक संकेत तपासला होता काय, ते विचारावे. टक्केवारी दिली असेल, तर कशाची ते पाहावे. आणि ‘गुणकारी’ हा शब्द केवळ वर्णलेखाच्या आधारे आला असेल, तर तो तेथे अप्रस्तुत आहे असे निःशंकपणे म्हणावे. अर्कातील द्रव्ये एकमेकांपासून विलग करणे हे वर्णलेखनाचे कार्य आहे. त्याच्या आधारे केलेल्या विधानांतील निरनिराळे दावे तितक्याच काटेकोरपणे विलग करणे, हे वाचकाचे आणि लेखकाचे कार्य होय.